समाधीची माती

एका राज्यात धवलसेन नावाच्या राजाला लोभ सुटला. रानात निर्मळा साध्वीची समाधी होती. तिथली चिमूटभर माती कपाळी लावली की दुखणे बरे होई. गुण आला की माती परत नेऊन ठेवावी, अशी रीत होती. राजाने ती सगळीच खणून आणली आणि सोन्याच्या हंड्यांत भरून खजिन्यात ठेवली.

समाधीचा राखणदार कुंभक मांत्रिक होता. त्याने राजाला शाप दिला आणि शापाची किंमत म्हणून त्याच क्षणी त्याचे स्वतःचे डोळे गेले. इकडे राजकन्या इंदुलेखेची पावले मातीची झाली. हंड्यांतली माती लावली, गुण आला नाही. माती गुडघ्यांवर चढली, कमरेवर चढली. राजा तोंड लपवून बसला.

मग राणी चंपावती उठली. मुलीला पालखीत घालून ती रानात आली. समाधीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली,

"राणी, नेलेली माती अनवाणी, डोक्यावरून आण."

राणीने खेपा घातल्या. टाचा फुटल्या, पण सगळी माती आपल्या जागी परत आली.

"आता समाधी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाल."

राणीने तीही घातली. तोवर माती राजकन्येच्या गळ्याशी आली होती.

"आता चिमूट उचल. दिवसाला एकालाच गुण येतो, आणि कुंभक तुझ्या आधीपासून इथे बसला आहे."

झाडाखाली आंधळा मांत्रिक बसला होता. राणीची मूठ वळली.

"माझी मुलगी उद्याचा दिवस पाहणार नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," कुंभक म्हणाला. "मी मागत नाही."

राणीने मुलीकडे पाहिले. इंदुलेखेला बोलता येत नव्हते. तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. राणी वळली. तिने मांत्रिकाच्या कपाळी माती लावली.

कुंभकाचे डोळे उघडले. "शाप उतरवायचा मंत्र सूर्याकडे पाहूनच म्हणता येतो," तो म्हणाला. "इतके दिवस सूर्यच दिसत नव्हता." मावळत्या बिंबाकडे पाहून त्याने मंत्र म्हटला. राजकन्येच्या अंगावरची माती ढेकळाढेकळांनी गळून पडली. तिने पाणी मागितले.

धवलसेनाने हंडे वितळवून समाधीच्या वाटेवर धर्मशाळा बांधली. आजारी माणसे पुन्हा येऊ लागली. इंदुलेखा पुढे राणी झाली आणि तिने न्यायाने राज्य केले.