फक्त गाव बदललं

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये त्या सकाळी कॉल एकावर एक येत होते. संगणक अडकला, गाडी उशिरा निघाली आणि पिंपळखुट्याचे एक आजोबा वाटेतच गेले. दुपारी चौकशी समिती बसली. गाड्या पाठवणारी ती संगणक प्रणाली विभागप्रमुख वझलवार साहेबांनी स्वतः लिहिलेली, त्यामुळे सगळं खापर सर्व्हरवर फुटणार हे हेमांगीला दिसत होतं. कार्यालयात ती नवीनच होती, तरी तिला राहवलं नाही.

“सर, आपण दर कॉलला डेटाबेसला अख्खा प्रश्न नव्याने पाठवतो आणि डेटाबेस तो पहिल्यापासून समजून घेत बसतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे प्रश्नाचा तयार साचा असता, तर तो एकदाच समजावला की झालं.”

“समजायला असा किती वेळ लागतो?” साहेब समितीकडे बघून हसले. “ते राहू दे. सावरखेडच्या जवळची गाडी कुठे होती, सांग.”

“गाडी म्हणजे काय, सर? आणि जवळची म्हणजे कसं मोजायचं?”

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण चारचौघांत त्यांनी समजावलं.

“नाक्यावर होती,” ती म्हणाली.

“आणि पिंपळखुट्याच्या जवळची गाडी कुठे होती?”

“गाडी म्हणजे काय, सर? आणि जवळची म्हणजे—”

साहेबांनी टेबलावर हात आपटला. “आत्ताच सांगितलं ना! फक्त गाव बदललंय!”

“हो, सर. डेटाबेसला पाठवलेल्या प्रश्नातही सकाळभर फक्त गावच बदलत होतं,” हेमांगी म्हणाली. “तुमचा धीर दुसऱ्याच प्रश्नाला सुटला. आजोबांना तर तेव्हा श्वासही पुरत नव्हता.”

सर्व्हरचं नाव मग कुणीच काढलं नाही.