गायरानातली खारी विहीर

पूर्णेचे पात्र आजच्याहून रुंद होते, तेव्हाची ही गोष्ट. काठच्या एका गावाच्या गायरानात एक विहीर होती. पाणी उदंड, पण खारट. सव्वा महिन्याची बाळंतीण विहीर पूजायला निघे, तीही हिला ओलांडून परगावी जाई. विहिरीच्या मनात तेच शल्य होते.

एकदा गावाने तिच्या शेजारी उथळ टाके बांधून त्यावर काचेचे उतरते छप्पर घातले. विहीर धास्तावली. तिने पाणी तळाशी ओढून धरले. बादली दोनदा रिकामी वर आली.

"भास्करराव," ती सूर्याला म्हणाली, "तळी आटवलीत, आता माझी पाळी वाटते."

"बाई, मी पाणी तेवढे उचलतो, मीठ आजवर कधी उचलले नाही. थोडे देऊन तर पाहा."

विहिरीने मन घट्ट करून टाके भरू दिले. दुपारी काचेखाली थेंब जमले, ओघळत कडेला ठेवलेल्या घागरीत उतरले. मीठ टाक्यातच राहिले.

पुढे गिरजा तान्ह्या बाळाला घेऊन पूजेला निघाली, तेव्हा सासूने तिला अडवले. "पोरी, परगावी कायले जातं व? आपली इहीर काय कमी हाये?"

विहिरीच्या काठावर हळदीकुंकवाची बोटे उमटली. विहिरीने वर पाहिले.

"भास्करराव, ही गोडी तुम्ही घातलीत?"

"छे, ती तुमचीच, बाई. मी फक्त मीठ मागे ठेवले."