रेघांची राजकन्या

एका राज्यात इंदुलेखा नावाची राणी होती. तिची लेक चारुमती पाच वर्षांची, भारी वात्रट. घोरनाद मांत्रिकाची दाढी पाहून ती खुदकन हसली, आणि मेल्याने पोरीचं चित्र करून तिला महालाच्या भिंतीत कोंडलं!

राणीने पाय धरले, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "तुमच्यापैकी कुणीही चारुमतीचं चित्र काढावं. त्या चित्राने आधी डोळे मिचकावावेत, मग चालावं. तिसरी अट मागाहून सांगेन. जमलं, तर लेक तुमची."

राजचित्रकार सरसावले. केस न् केस, मोती न् मोती रंगवला. चित्रं देखणी, पण जागची हलतील तर शपथ! राणीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनेच कोळसा उचलला. पण तिला साधं कमळही कधी जमलं नव्हतं. पहिली चारुमती बटाट्यासारखी झाली, दुसरी वांग्यासारखी. राणी ढसाढसा रडली.

तेवढ्यात खिडकीत येऊन बसलेली एक साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, मोती हवेत कशाला? डोक्याला गोल, परकराला त्रिकोण, हातापायांना चार रेघा. पातळ भूर्जपत्रावर काढा. वर दुसरं पान ठेवा, खालचं चित्र दिसेल, ते गिरवा. हलायचं तेवढंच बदला. मग पानांची चळत अंगठ्याखालून सरसर सोडा."

"एवढंच?"

"एवढंच. करून तर बघा."

राणीने करून पाहिलं. गोलातले ठिपके मिटले, उघडले. भिंतीतल्या चारुमतीनेही डोळे मिचकावले! मग राणी पानागणिक पाय बदलत गेली. रेघांची पोर चालली, तशी भिंतीतलीही चालली. पण बाहेर काही येईना.

मांत्रिक छद्मी हसला. "अशी तर कुणाचीही पोर चालते. ही तुमचीच कशावरून? ते दाखवा, हीच तिसरी अट."

राणीने डोळे मिटले. पायरीवरून उडी मारताना लेक काय करायची? परकराचा घोळ मुठीत धरायची, वाकून खाली बघायची, घाबरून पाऊल मागे घ्यायची, आणि मगच उडी! हुंदके देत राणीने ते सगळं पानोपानी उतरवलं.

पानं सरसरली. रेघांच्या पोरीने परकर धरला, वाकली, मागे सरली. भिंतीतल्या पोरीनेही तेच केलं. आणि धपकन चारुमती आईच्या मांडीवर!

मांत्रिकाची विद्या तिथेच उतरली. राणी पोरीचे मुके घेता थांबेना. पोरीने मात्र पानं ओढली, पुन्हा पुन्हा सोडून पाहिली आणि किंचाळली, "अगं आई, ही तर मीच! दे कोळसा, आता मी तुला काढते."

राणीला जशी लेक भेटली, तशी तुमची दुरावलेली माणसं तुम्हाला भेटोत.