सागाच्या खोडावरचा भाव

प्राणी आपापसांत बाजार भरवत, त्या काळची गोष्ट. भुईमुगाच्या शेंगांचा भाव सुतारपक्षी रोज सागाच्या खोडावर टोचून ठेवायचा. भाव चढला की भोक वरच्या अंगाला, उतरला की खालच्या.

टुणकी खार ती भोकं वाचायला शिकली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. सशाला खोडापाशी ओढून आणत ती म्हणाली, "हे बघ, तीनदा भाव इथवर उतरला आणि तीनदा उसळला. याच्याखाली तो जातच नाही." त्या दिवशी चौथं भोक तिथंच पडलं. टुणकीनं साठवलेल्या सगळ्या चिंचा देऊन शेंगा घेतल्या आणि फांदीवर कोलांट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका चिंचेला टोपलीभर शेंगा मिळू लागल्या. टुणकी धापा टाकत सुतारपक्ष्याकडे गेली.

"दादा, आजचंही भोक तिथंच आहे. मग भाव कसा पडला?"

"अगं, त्याच्याखाली लाकडात गाठ आहे. तिथं चोच चालत नाही, म्हणून भाव कितीही पडला तरी मी गाठीच्या वरच टोचतो."

तिच्या मागोमाग आलेला ससा कपाळाला हात लावून बसला. टुणकीनं मात्र मान वर करून शेंड्यापर्यंत खोड न्याहाळलं. तिचे डोळे पुन्हा लकाकले.

"आणि दादा, वर कुठं गाठ नाही ना?"