दाब कळणारी पेटी

कृष्णाकाठच्या एका गावात निवास नावाचा वाजवणारा राहत होता, हौसाबाई त्याची आई, आणि त्या घरातली झोप निघून गेली होती.

बाप भानुदास गुरव. ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा. जुनी, जड पेटी. तिच्या पट्ट्यांना बोटाचा दाब कळायचा नाही. हळू दाबा की जोरात, सूर तसाच. मग भानुदास उजव्या हाताने वाजवी, डाव्याने बाजूची खुंटी पिळी, तेव्हा कुठे सूर माणसाच्या आवाजासारखा कापायचा. दिवेलागणीला तो वाजवायचा आणि ऐकता ऐकता हौसाबाईचा डोळा लागायचा.

भानुदास गेला. तेव्हापासून ती भिंतीला टेकून बसलेली. डोळे उघडे, तोंड बंद. अंगारे झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अशीच जागत राहिली तर फार काळ काढायची नाही.

निवास म्हणाला, बापाचा सूर मी परत आणतो. त्याने शहरातून नवा कीबोर्ड आणला. त्याला स्वतःचा आवाज नाही, नुसत्या पट्ट्या. पण बोटाचा दाब कळायचा. पट्टी धरून आणखी रेटली की सूर फुगे, थरथरे. वायर लावून तो बापाच्या पेटीला जोडला. वाजवलं.

हौसाबाईने भिंतीकडे तोंड केलं.

तसा निवास दर्ग्यात गेला. तिथले बशीरचाचा मुजावर भानुदासचे गुरू.

"चाचा, माझं काय चुकतंय?"

चाचा ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"काय आणलंस म्हणे?"

"त्याला दाब कळतो. मोहरीएवढा फरकसुद्धा. तालुक्यात कुणाकडे नाही."

"बापाकडे होतं?"

"नव्हतं. खुंटी पिळत बसायचे बिचारे..."

"हं... पाय चेप जरा."

निवासच्या कपाळावर आठी आली. एवढा मोठा वाजवणारा तो. पण बापाच्या गुरूला नाही कसं म्हणायचं? बसला. चांगले रगडून चेपले.



मग चाचा म्हणाले, "माझा कुठला पाय दुखतो?"

"तुम्ही सांगितलंच नाहीत."

"तुझ्या त्या पट्टीला कोण सांगतं?"

निवासने खाली पाहिलं. डावा घोटा सुजून टम्म झाला होता. त्याच्याच मुठीत होता.

"चाचा... लागलं असेल."

"लागलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"तुझी आई ओरडते?"

निवास उठला, घरी आला. पेटीवरचं फडकं काढलं नाही. आईच्या पायाशी बसला. टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्या लाकडासारख्या. हात ठेवला. जिथे पाय थरथरल्यासारखा वाटला, तिथे हलका केला. जिथे काहीच कळेना, तिथे थांबला...

बऱ्याच वेळाने हौसाबाई म्हणाली, "जेवलास का रे?"

आणि तिची मान कलली.

दुसऱ्या दिवशी निवास पुन्हा ओट्यापाशी उभा राहिला.

"आई निजली, चाचा. उन्हं अंगावर आली तेव्हा उठली. चहा मागितला."

"बरं झालं."

"पण... मी वाजवलंच नाही."

चाचांनी सुजलेला पाय हळूच जवळ ओढून घेतला.

"तरी ऐकलं मी."