त्रेसष्ट मुलांचा ठराव

“मग नाही कुणाला म्हणू, गुरुजी? तेवढं सांगा.”

मुलाणी गुरुजींनी मान वर केली नाही. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पेरणीचं बियाणं होतं. दाण्याचं साल निघू नये म्हणून एकेक शेंग अंगठ्याखाली हलकेच दाबत होते.

समोर खिलारे सर बसले होते. पानवळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, गुरुजींचे जुने विद्यार्थी. रविवारची सकाळ, तरी अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मांडीवर फाइल.

“सात वर्षांपूर्वी पट एकशे अठ्ठेचाळीस होता,” खिलारे म्हणाले. “आज सहाशे चौदा. खासगी शाळांच्या गाड्या गावातनं रिकाम्या फिरतात. कुणामुळं?”

“तुझ्यामुळं.”

“मी असं म्हणत नाही.”

“तू तेच म्हणायला आलायस, बिरा. म्हण की. चांगलं काम केलंस.”

खिलारेंचं नाव बिरुदेव. या नावानं हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

“पण खोल्या नऊच आहेत,” ते म्हणाले. “तिसरीचे दोन वर्ग व्हरांड्यात. पहिली मारुतीच्या मंडपात. लग्न असलं की पहिलीला सुट्टी! चार वर्षं पंचायत समितीकडं खोल्या मागतोय. दरवेळी एकच उत्तर, प्रस्ताव विचाराधीन आहे. कसला विचार करतात हो हे लोक?”

“चिडलायस.”

“चिडू नको तर काय करू?”

“चिड. चांगलंय.” गुरुजींनी सुपातल्या मूठभर शेंगा त्यांच्यापुढं ठेवल्या. “चिडता चिडता फोड.”

खिलारेंनी दोन शेंगा फोडल्या. मग हात पुसून फाइल उघडली.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून गुरुजींची तेवढी राहिली होती.

गुरुजींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

“शाळेची गुणवत्ता राखण्याच्या दृष्टीने, जन्माचा दाखला व मागील शाळेचा दाखला नसलेल्या त्रेसष्ट मुलांना या वर्षी प्रवेश देण्यात येऊ नये...”

ते थांबले.

“ही त्रेसष्ट कुठली?”

“कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्या झाल्यात ना, तिथली. परभणी, यवतमाळ, कुठली कुठली. आज इथं, उद्या दुसरीकडं.”

“आणि या जूनमध्ये कागद असलेली किती घेतलीस?”

“... एक्क्याऐंशी.”

“म्हणजे जागा संपलेली नाही. कागदवाल्यांना आहे.”

“कुठंतरी रेघ मारावीच लागते, गुरुजी.”

“कायदा काय म्हणतो?”

“कायदा म्हणतो, कागद नसला तरी मूल परत पाठवू नका.” खिलारे कडवट हसले. “कायद्याचं काय जातंय? त्याला खोल्या बांधायच्या नसतात.”

गुरुजीही हसले. पण लगेच थांबले.

“दारात येतात का कोण?”

“येतात तर! एक बाई रोज येते. मुलीला हाताला धरून फाटकाशी उभी. ‘सर, हिचं नाव घ्या, नाहीतर कामावर न्यावी लागंल, तिथं खड्डे खणलेत.’ मी तरी काय सांगू? रोज तेच. परवा तर फाटकच लावून घ्यायला सांगितलं.”

“मुलीचं नाव काय?”

“अं?”

“रोज येते म्हणालास.”

खिलारेंनी फाइलचा कोपरा सरळ केला.

“विचारलं नाहीस.”

खिलारेंनी आणखी एक शेंग उचलली.

“तुझा वाढदिवस झाला ना नुकताच?” गुरुजींनी विचारलं.

विषय बदलला म्हणून खिलारेंना बरं वाटलं. “हो, एक जूनला. आमच्या शाळेत तिघांचा असतो त्या दिवशी. मुलांना वाटतं सरकारी सण आहे.”

“तिघंही माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचे असणार.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी कोण जन्मलं, मला काय ठाऊक? आईला विचारलं तर म्हणायची, सुगी चालली होती. बापाला विचारलं तर म्हणायचा, दुष्काळाच्या आदल्या साली. कागद कुणाकडं होता? शाळा जूनमध्ये उघडायची, मग एक जून लिहायचं आणि पोराला सहा वर्षांचं करून टाकायचं. गावात निम्मी माणसं माझ्या पेनातनं जन्मलीत.”

खिलारेंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तुझा बाप मेंढरं घेऊन ओढ्याला उतरला होता,” गुरुजी म्हणाले. “तू नुसत्या लंगोटीवर. पटावर बेचाळीस पोरं, खोली एक. वरून पत्र आलेलं, चाळीसच्या वर घेऊ नये. मीही चिडलो होतो. नवी नोकरी होती, रक्त गरम होतं.”

“मला उंबऱ्यावर बसवलं होतं तुम्ही,” खिलारे हळूच म्हणाले. “एक पाय आत, एक बाहेर.”

“पाऊस आला की बाहेरचा भिजायचा. मग तू बाजू बदलायचास.”



खिलारेंनी हातातली शेंग खाली ठेवली. “तेव्हाची गोष्ट वेगळी होती, गुरुजी. तेव्हा गुणवत्ता बघायला कोण येत होतं? आता तपासणी आहे, श्रेणी आहे. ही मुलं मधेच येणार, मधेच जाणार. शाळा खाली येईल. सात वर्षं घातलीत मी तिच्यात.”

“खरं आहे.”

“मग?”

“मग काय? सही करतो. आण पेन.”

खिलारेंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी पेन काढून दिलं.

गुरुजींनी ठराव गुडघ्यावर घेतला. अक्षर अजून फळ्यावरचं होतं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. खाली सही केली. कागद परत दिला.

खिलारेंनी वाचलं.

‘हा ठराव दिनांक १० जून १९७४ पासून लागू राहील.’

त्यांनी पुन्हा वाचलं.

“गुरुजी, हा तर माझ्या... त्या दिवशी माझं नाव घातलं होतं तुम्ही.”

“सोमवार होता.”

“म्हणजे माझंच नाव पटावरून जातं.”

गुरुजींनी चष्मा काढला.

“नियम चांगला असेल तर आधीपासून लावायला काय हरकत आहे?”

“तुम्ही माझी थट्टा करताय.”

“थट्टा?” गुरुजींनी सूप असं बाजूला सारलं की चार दाणे उडाले. आवाज चढला. “थट्टा त्यांनी मांडलीय तुझी! चार वर्षं तुला खोली देत नाहीत, त्यांच्या टेबलावर तुझा कागद धूळ खातो. त्यांच्यापुढं तू हात जोडून उभा राहतोस, साहेब-साहेब करतोस. आणि गावात येऊन फाटक लावतोस ते कुणाच्या तोंडावर? ज्या बाईच्या पायात चप्पल नाही तिच्या! राग खरा आहे तुझा, बिरा. पण उतरवतोस कुणावर?”

खिलारेंचा चेहरा लाल झाला.

मग त्यांनी ठराव फाडला नाही, फाइलमध्येही ठेवला नाही. घडी घातली, पुन्हा उलगडली.

“घेतो,” ते म्हणाले. “त्रेसष्टच्या त्रेसष्ट घेतो. उद्याच नावं घालतो पटावर. पण बसवू कुठं? आता उंबरासुद्धा रिकामा नाही. व्हरांडा भरला, मंडप भरला. आणि अकरा महिन्यांनी माझी निवृत्ती. वरच्यांना राग आला तर मला घरी बसवतील... बोला ना, गुरुजी. बसवू कुठं एवढी मुलं?”

गुरुजींनी सूप पुन्हा जवळ ओढलं. सांडलेले चार दाणे एकेक करून उचलले.

“पंचायत समितीचा जिना रुंद आहे. सावलीही असते. हजेरी तिथं घे... मोठ्यानं घे.”