वाहत्या पाण्यातला नावाडी

एकदा एका नदीकाठच्या तीर्थक्षेत्री एक वृद्ध छायाचित्रकार राहत असे. साठ वर्षे त्याने या एकाच छंदाची उपासना केली होती. पूजा आटोपून देवापुढून उठावे आणि त्याच सोवळ्या मनाने अंधाऱ्या खोलीत शिरावे, हा त्याचा नेम. उतारवयात त्याला एक शिष्य लाभला. वय चाळिशीचे, चालते किराणा दुकान धाकट्या भावावर सोपवून आलेला.

एके सकाळी घाटावरच्या नावाड्याची पत्नी गोदाक्का दारी आली. मागच्या महिन्यात शिष्याने नावाड्याचे छायाचित्र टिपले होते. आता नावाडी उरला नव्हता, आणि त्याचे दुसरे चित्र कुठेच नव्हते.

"उद्या तेरावं. लेकाच्या गावी करायचंय. बाराची गाडी आहे," ती म्हणाली.

शिष्य लगबगीने कामाला लागला. रसायनात कागदावर चेहरा उमटला, हायपोच्या द्रावणात पक्का झाला. वल्ह्यावर रेललेला, हसू दाबणारा नावाडी पाहून शिष्याचा ऊर भरून आला. इतके चांगले चित्र त्याच्या हातून कधी उतरले नव्हते. ते एकदाच पाण्यात बुडवून, टिपून, मागे स्वतःचे नाव लिहिण्यास त्याने लेखणी काढली. तोच वृद्धाने चित्र काढून घेतले, पसरट थाळीत ठेवले आणि वर नळ सोडला.

अर्धा तास गेला. पाणी वाहतच होते.

"अण्णा, फोटो धुताय का गोधडी?" गोदाक्काने विचारले.

"गोधडीच समजा, अक्का. पुष्कळ वर्षं पुरायला हवी."

बाराची गाडी गेली. गोदाक्का पायरीवर बसून राहिली. शिष्याला राहवेना. "चित्र तर केव्हाच पक्कं झालं होतं. त्या माउलीला का ताटकळत ठेवलंत?"

वृद्धाने देव्हाऱ्यातून एक कागद आणला. सारा तपकिरी डागांनी भरलेला. त्यात कानातली एक बुगडी तेवढी ओळखू येत होती.

"ही माझी आई. मी काढलेलं पहिलं चित्र, आणि तिचं एकुलतं. ज्या काचेवरून ते छापलं, ती त्याच वर्षी फुटली. हायपो चित्राला धरून ठेवतो. पण धुऊन काढला नाही, तर पुढं तोच चित्राला खातो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण गावभर दाखवायची घाई झाली होती. लोकांना आई दिसावी असं नव्हतं वाटत मला. मी काढलेली आई दिसावी, असं वाटत होतं. मीपणाला मी नावं ठेवत नाही, बाबा. त्याच्या बळावरच माणूस जन्मभर एका छंदाला धरून राहतो. पण काम झालं की तो धुऊन टाकावा लागतो."

शिष्याने लेखणी खिशात ठेवून थाळीतले पाणी बदलले.

संध्याकाळच्या गाडीपूर्वी वाळलेले चित्र त्याने गोदाक्काच्या हाती दिले.

"माझ्यावर चिडले, की असंच हसू दाबायचे," ती म्हणाली, आणि पाहतच राहिली. चित्र उलटून त्याची कोरी पाठ बघण्याचे तिच्या मनातही आले नाही.